एअर कुठून घेते? चालू न होणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपच्या नोंदी

गाडी २००३ ची, एमएच १५ (नाशिक), चार सिलेंडर डिझेल. इनलाईन पंप, डायरेक्ट इंजेक्शन, त्यामुळे हीटर प्लग नाहीत. सेन्सर नाही, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही. मुक्काम मखमलाबादच्या पुढे आमच्या मळ्यात. मी सातपूरला कंपनीत शिफ्ट करतो, म्हणून काम संध्याकाळी किंवा रविवारी. मी मिस्त्री नाही. पाने, मल्टीमीटर आणि हट्ट एवढंच भांडवल. सगळं मिळून पाच आठवडे गेले. ज्याच्याकडे अशी गाडी असेल त्याचे तेवढे जाऊ नयेत म्हणून वहीतलं जसंच्या तसं इथे उतरवतोय. चुकलेल्या नोंदी काढलेल्या नाहीत.

८ डिसेंबर २०२४, रविवार

शेवटच्या तोड्यातल्या टोमॅटोच्या ६० जाळ्या मार्केट यार्डात न्यायच्या होत्या. भरून तयार. चावी फिरवली तर घर्र... घर्र... टक. गाडी तीन आठवडे उभीच होती, थंडीही पडलेली, म्हणजे बॅटरी गेली असं मी आणि आण्णांनी एकमताने ठरवलं.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जम्पर दिला. तरी सेल्फ तसाच जड. मग ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. विहिरीपासून डांबरी रस्त्यापर्यंत ओढली. इंजिन फिरत होतं, पण एकदाही पकडलं नाही. मागे चालत असलेला चुलतभाऊ म्हणाला, "धूरच नाही भो."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि विसरलो. ओढताना बॅटरीचा आणि सेल्फचा संबंधच राहत नाही. इंजिन फिरतंय, धूर नाही, म्हणजे नोझलपर्यंत (सिलेंडरात डिझेल फवारतो तो) डिझेल पोचत नाही. निदान तिथेच झालं होतं. मी मात्र दुपारी जाऊन बॅटरी आणली.

शेजारच्या मळ्यातल्याची पिकअप भाड्याने घेतली, १,२०० रुपये. नवी बॅटरी ६,८००.

९ डिसेंबर, सोमवार (रात्री)

नवी बॅटरी बसवली. घर्र... घर्र... टक. तेच.

आता मीटर काढला, जो काल काढायला हवा होता. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर ११.५ व्होल्ट. बरं वाटलं, बॅटरी दणकट आहे म्हणून. मग लक्षात आलं की हे बरं नाही. सेल्फ खरोखर ताकदीने करंट ओढत असेल तर व्होल्टेज दहाच्या आसपास उतरायला हवं. इतकं कमी उतरतंय म्हणजे करंट जातच नाहीये, मधे कुठेतरी वाट अडली आहे.

मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. चुलतभावाला सेल्फ मारायला लावला. १.९ व्होल्ट. तिथे पाव व्होल्टाच्या वर काही दिसायला नको. चेसिसवरून गिअरबॉक्सला येणारी अर्थिंगची पट्टी पाहिली तर बोल्टाखाली हिरवा भुगा, आणि पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या.

नवी पट्टी १८० रुपये. दोन्हीकडचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत केलं, वरून ग्रीस. सेल्फ असा फिरला की आण्णा दचकले.

जम्पर लावताना काळा चिमटा मी गाडीच्या बॅटरीच्या मायनसला लावला होता. तो थेट इंजिनच्या लोखंडाला लावला असता तर खराब पट्टी वाटेतून वगळली गेली असती, सेल्फ जोरात फिरला असता आणि ६,८०० रुपये खिशात राहिले असते. जुनी बॅटरी चार्ज केली, सहाही सेलवर हायड्रोमीटर १.२५ दाखवतोय. ठणठणीत आहे. आता ती घरच्या इन्व्हर्टरला तरी जोडता येते का बघू.

एवढं करून गाडी चालू झाली का? नाही. सेल्फ सुसाट, इंजिन मुकं.

११ डिसेंबर, बुधवार

डिझेलकडे वळलो. आधी फुकटातल्या गोष्टी. स्टॉपची केबल पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे सोडते का? सोडते. (जुन्या गाडीत ही केबल गंजून अर्ध्यात अडकते आणि माणूस दिवसभर सेल्फ मारत बसतो.) टाकीत डिझेल आहे का? काटा पावच्या खाली, पण आहे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात थोडं घेतलं, पाणी नाही.

पहिल्या नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारला. तिथून डिझेल पुचपुचायला हवं. कोरडं. हे करताना हात आणि तोंड लांब ठेवा. चालू नोझलची फवार कातडीच्या आत घुसते, त्याला साधी जखम समजू नये.

मग एअर काढली. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) सैल केला आणि फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा दट्ट्या, मारत बसलो. पहिले चाळीस झटके नुसती हवा, नंतर फेस, साबणासारखा. शंभरच्या पुढे कधीतरी स्वच्छ धार. स्क्रू आवळला, सेल्फ मारला. भक्क करून पांढरा धूर, दोन मिनिटं लंगडत चालली, मग सरळ.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी परत कोरडी. प्रायमर, फेस, शंभर झटके, चालू.

म्हणजे रात्रीत लाइन रिकामी होते. हवा कुठूनतरी आत येते आणि डिझेल मागे टाकीत उतरतं. खाली चेसिसवर, पाइपावर, पंपावर बॅटरी घेऊन (टॉर्चची, ती ६,८०० वाली नाही) पाहिलं. एक थेंब कुठे गळत नाही. मी निष्कर्ष काढला की गळत नाही म्हणजे पाइप चांगले आहेत.

१४ डिसेंबर, शनिवार

दोन्ही फिल्टर आणि बॅन्जो बोल्टांचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बदलले, ५८० रुपये. फिल्टर तसेही बदलायचे होते. बसवल्यावर गाडी पहिल्यापेक्षा वाईट, चालू होऊन दहा सेकंदांत बंद. रात्री साडेदहापर्यंत प्रायमर मारून अंगठ्याला फोड आला. शेवटी फिल्टरचं भांडं परत उतरवलं. जुनी रबर रिंग वरच्या हेडच्या खाचेत चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर नवी चढवली होती. काळ्यावर काळं, दिसलं नाही. नखाने ओढली तर अख्खी निघाली. एक संध्याकाळ त्यात गेली.

दुरुस्त करून पुन्हा आदल्या दिवसाच्या जागी. सकाळी कोरडी.

१६ डिसेंबर, सोमवार

रजा टाकली. प्रायमर मारून चालू केली आणि द्वारकेकडच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, पंप आणि नोझल. पंपाचा आकडा ऐकून मी नोझलवर थांबलो. टेस्टरवर लावल्यावर चारपैकी एक फवारा मारण्याऐवजी थेंब टाकत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं. चारही नोझल बदलले. ६२० प्रमाणे २,४८०, टेस्टिंग आणि फिटिंग १,०००.

चालू करायला त्याचा पोरगा पेट्रोलचा बोळा घेऊन एअर फिल्टरपाशी आला. त्याला नको म्हटलं. कधी भडकेल आणि कुणाच्या तोंडावर, याचा नेम नसतो.

संध्याकाळी गाडी आण्णांनीच घरी नेली, मी बाईकवर मागे होतो. नऊ वाजता बंद केली, मुद्दाम रात्रभर ठेवली.

१७ डिसेंबर, मंगळवार

पहिल्या चावीला चालू! काम फत्ते. नोझलच होते.

(ही नोंद खोडत नाही. राहू दे.)

२५ डिसेंबर, बुधवार

आठ दिवस मख्खन चालली. आज सुट्टी, द्राक्षाच्या बागेसाठी खताच्या गोण्या आणायच्या होत्या. सेल्फ सुसाट, धूर नाही, इंजिन मुकं.

थंडी जबर होती. निफाडकडचा पारा सिंगल आकड्यात गेल्याच्या बातम्या होत्या. मी म्हटलं डिझेल गोठलं असेल. आमच्या वस्तीवर मायकोतून रिटायर झालेले एक काका राहतात, त्यांच्याकडे गेलो. मायको म्हणजे आताची बॉश. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, पण नाशिककराच्या तोंडी आणि त्र्यंबक रोडच्या सर्कलला अजून मायकोच आहे. नोझल आणि इंजेक्टर हाच सातपूरच्या त्या कारखान्याचा माल, आणि काकांची अख्खी नोकरी त्यात गेलेली. मला वाटलं नोझलवर बोलतील.

"डिझेल गोठायला हे लेह आहे का?" इथून सुरुवात. मग, "नोझल खराब असला तर गाडी धूर ओकेल, मिसिंग मारेल. रात्रीतून लाइन रिकामी कशी करेल? ते त्याचं कामच नाही. तुझी गाडी कुठूनतरी हवा पिते."

"पण काका, गळत कुठेच नाही."

"अरे, टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं नाही जात. ओढणाऱ्या पाइपाला भोक असलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फुटक्या स्ट्रॉने उसाचा रस पिऊन बघ."

तेरा दिवस मी थेंब शोधत होतो. भोक त्या बाजूला असेल तर थेंब दिसणारच नव्हता.

२८ डिसेंबर, शनिवार

पारदर्शक पाइप आणला, दोन मीटर, ६० रुपये. एक वीतभर तुकडा फीड पंपाच्या आधी, टाकीकडच्या बाजूला जोडला. गाडी चालू करून पाहिलं तर पाइपात सोडा वाहतोय. बारीक बुडबुड्यांची रांग, अधूनमधून शेंगदाण्याएवढा एक. एवढी हवा पिऊनही इंजिन ओव्हरफ्लोवाटे (जास्तीचं डिझेल टाकीत परत नेणारा पाइप) ती परत सोडतं आणि चालत राहतं, म्हणून रस्त्यावर काही कळत नव्हतं.

मग डब्याची टेस्ट. पाच लिटरचा स्वच्छ डबा, त्यातून नवा पाइप थेट फीड पंपाला, टाकी बाजूला. डबा मडगार्डवर ठेवला. बुडबुडे गायब. रात्रभर तसंच ठेवलं.

२९ डिसेंबर, रविवार

पहिल्या चावीला चालू. काकांना फोन केला तर म्हणाले, "डबा कुठे ठेवला होता?" मडगार्डवर. "मग काय कळलं त्यातून? वरून डिझेल आपोआप उतरतंय, फीड पंप मेलेला असला तरी चालेल. डबा जमिनीवर ठेव."

जमिनीवर ठेवला, संध्याकाळपर्यंत थांबलो. पहिल्या चावीला चालू, पाइप काचेसारखा स्वच्छ. फीड पंप निर्दोष, त्याचे वॉल्व्ह निर्दोष, फिल्टर निर्दोष. गुन्हेगार टाकी आणि फीड पंप यांच्यामधे.

१ जानेवारी २०२५, बुधवार

दोन्ही टोकांचे रबरी पाइप बदलले, क्लिपांसकट ५६०. जुने वाकवले तर बारीक चिरा दिसल्या, म्हणजे पैसे वाया गेले असं म्हणणार नाही. तरी बुडबुडे तसेच.

मधला लोखंडी पाइप चेसिसवरून जातो. त्याचं एक टोक बुचाने बंद केलं, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप, वरून साबणाचं पाणी. अगदी हलक्या हाताने. कुठेच फुगा नाही.

सगळंच निर्दोष निघालं. गाडीखाली गोणपाटावर पडून वर बघत होतो. आण्णा चहा घेऊन आले, वाकून म्हणाले, "तुला कव्हाचं सांगतोय, टाकी भर. भरल्या टाकीवर ही गाडी कव्हा अडत नाय."

खरंच कधीचं सांगत होते. मी ते म्हाताऱ्या माणसाचं पालुपद समजत होतो.

चहा तिथेच ठेवून वही उघडली. आण्णा गाडी वापरायचे तेव्हा दर वेळी टाकी गळ्यापर्यंत भरायचे, चाळीस वर्षांची सवय. दिवाळीपासून डिझेलचं मी बघतो. मी हजाराचं टाकतो, आजच्या भावाने जेमतेम अकरा लिटर. माझ्या भरण्याने काटा कधी अर्ध्यावर गेलेला नाही. १६ तारखेला गाडी आण्णांनी घरी आणली होती. विचारलं, वाटेत डिझेल भरलं होतं का? "मंग? रिकामी आणू का?" फुल्ल केली होती. आठ दिवसांत ती अर्ध्याखाली आली आणि आजार परत आला. नोझलचा काही संबंध नव्हता.

२ जानेवारी, गुरुवार

खात्री करायची म्हणून पंपावरून कॅनमध्ये २० लिटर आणलं. गाडी चालू ठेवून, पारदर्शक पाइपावर टॉर्च धरून चुलतभावाला टाकीत ओतायला सांगितलं. साधारण चौदा-पंधरा लिटर गेल्यावर बुडबुडे थांबले. हळूहळू कमी झाले असं नाही, नळ बंद केल्यासारखे थांबले.

म्हणजे टाकीच्या आत जी उभी नळी डिझेल ओढते तिला मधेच भोक आहे. डिझेल भोकाच्या वर असेल तोवर ते बुडालेलं, हवा नाही. पातळी खाली गेली की भोक उघडं पडतं.

५ जानेवारी, रविवार

टाकीतलं डिझेल आधी कॅनमध्ये काढून घेतलं. वरचे पाच स्क्रू, त्यांतला एक गंजलेला, त्यावर तास. नळी बाहेर आली. बोटाने चाचपली, काही नाही. उन्हात धरली, काही नाही. मग सायकलचं पंक्चर काढतात तसं केलं. खालच्या तोंडाला अंगठा, वरून तोंडाने फुंकर, नळी पाण्याच्या बादलीत. तळापासून चार बोटांवर, जिथे आधाराची पट्टी नळीला डागलेली आहे, त्या डागाच्या कडेने बुडबुड्यांचा एक बारीक दोरा वर येत होता. सुकवून तिथला गंज नखाने काढला, मग दिसलं. सुईच्या टोकाएवढं भोक, भोवती तपकिरी वर्तुळ. पट्टी आणि नळीच्या बेचक्यात ओल धरून राहिली असणार.

आई म्हणाली, "यासाठी पंधरा दिवस?" अठ्ठावीस झाले होते, मी दुरुस्ती केली नाही.

७ जानेवारी, मंगळवार

नवी नळी या मॉडेलची मिळाली नाही. फक्त नळी घेऊन शिफ्टवरून येताना अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पितळी वेल्डिंग करून घेतलं, १५० रुपये. नळी आधी साबणाने आतून-बाहेरून धुऊन उन्हात वाळवली होती. टाकीजवळ ज्योत न्यायचा विचारही करू नका, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ असते.

एक गोंधळ तिथेही झाला. ज्योतीच्या उष्णतेने तळाची जाळी सुटली आणि ते घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी परत अंबड. त्याने पैसे घेतले नाहीत, पण माझी संध्याकाळ गेली. जाळीशिवाय बसवली असती तर वीस वर्षांचा टाकीतला गाळ थेट फिल्टरमध्ये. बसवण्याआधी पुन्हा बादली, पुन्हा फुंकर. दोरा नाही. कॉर्कचा गॅस्केट ५० रुपये.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

बुधवारी रात्री नळी बसवली. तेव्हापासून टाकी मुद्दाम पावच्या खाली ठेवली, आण्णांचा विरोध पत्करून. सहा सकाळी, सहा वेळा पहिल्या चावीला चालू. पारदर्शक तुकडा काल काढून रबरी पाइप टाकला. तो प्लॅस्टिकचा, डिझेल आणि गरमीने कडक होऊन तडकतो आणि मग नवीन जागी हवा घेतो. तपासणीपुरताच ठेवावा.

हिशेब: बॅटरी ६,८००, अर्थिंग १८०, फिल्टर-वॉशर ५८०, नोझल ३,४८०, रबरी पाइप ५६०, पारदर्शक पाइप ६०, वेल्डिंग १५०, गॅस्केट ५०, भाड्याची पिकअप दोन वेळा २,४००. एकूण १४,२६०. गाडी चालू व्हायला लागले ते १८० + ६० + १५० + ५० = ४४०.

आज आण्णा तिळगूळ वाटायला गाडी घेऊन गावात गेले होते. परत आले तेव्हा काटा फुल्लवर.

पुढचं काम हँडब्रेक. दगड लावून किती दिवस उभी करणार.